हेरगिरीचं काम, पेन्शन मात्र नर्सचं

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या यादवी युद्धातल्या हेर बायकांवर पानभर लेख दिलात त्याबद्दल आधी थँक्यू, कारण आपल्याकडे या विषयावर कोणी चार ओळी लिहीत नाही, अमेरिकेची यादवी म्हटलं की लिंकन आणि गुलामगिरी, विषय संपला, शाळेच्या पुस्तकात तेवढंच होतं. पण लेख वाचला आणि डोकंच फिरलं. हेडिंगमध्ये 'मोहिनी', चौकटीत 'घायाळ करणाऱ्या नजरा', फोटोखाली 'सौंदर्य हेच शस्त्र'. अहो १८६१ ते १८६५, चार वर्षं युद्ध चाललं, सहा लाखांवर माणसं गेली, आणि त्यातली बायकांची हेरगिरी काय नुसती पापण्या फडफडवून झाली का?

मी पोस्टातून रिटायर झालेली बाई. इतिहासाची प्राध्यापक वगैरे नाही, पण हा एक विषय बरीच वर्षं आवडीनं वाचतेय आणि त्याचं कारणही पोस्टच आहे. तुमच्या लेखात एलिझाबेथ व्हॅन ल्यूबद्दल एक ओळ आहे, 'युद्धानंतर तिला टपाल खात्यात नोकरी मिळाली'. नोकरी मिळाली म्हणे! बाई रिचमंडची पोस्टमास्तर होती, १८६९ ते १८७७, आठ वर्षं. नेमणूक कोणी केली तर युलिसिस ग्रँटनं, युद्धात ज्याच्या छावणीत तिच्या खबरा जायच्या त्याच उत्तरेच्या जनरलनं, आणि तीही राष्ट्राध्यक्ष झाल्यावर काही दिवसांतच. आणि रिचमंड म्हणजे काही आडगाव नव्हे, दक्षिणेतल्या बंडखोर राज्यांची, म्हणजे कॉन्फेडरसीची राजधानी होती ती. ज्या गावात राहून गावाच्याच सरकारविरुद्ध हेरगिरी केली त्याच गावाची टपालं आता वाटायची, आणि समोर रोज तेच चेहरे. काउंटरवर बसलेल्या माणसालाच कळेल हे काय असतं.

तिचं काम काय होतं ते लेखात यायला हवं होतं म्हणून मीच सांगते. चर्च हिल भागात मोठा वाडा, वडिलांचा हार्डवेअरचा धंदा, शिक्षण फिलाडेल्फियात झालेलं आणि गुलामगिरीचा मनापासून तिटकारा. युद्ध पेटलं तेव्हा वय चाळिशीच्या पुढे, लग्न केलेलं नाही, म्हणजे तुमच्या हेडिंगमध्ये कुठेच बसत नाही बिचारी. टेकडीच्या खाली जेम्स नदीजवळ लिबी प्रिझन होतं, मुळात गोडाऊन ते, तिथे उत्तरेचे पकडलेले ऑफिसर कोंबलेले. ही आणि हिची आई त्यांना जेवण, पुस्तकं, कपडे घेऊन जायच्या, गावातले लोक शिव्या घालायचे, पेपरवालेही टोमणे मारायचे (नाव न घेता, पण सगळ्यांना कळेल असे, तुमच्या धंद्यातली ही कला जुनीच दिसते). पुस्तकं परत यायची तेव्हा त्यात ठराविक अक्षरांखाली टाचणीनं बारीक भोकं पाडलेली असायची, ती जुळवली की निरोप तयार.

तिच्याबद्दल एक गोष्ट सांगतात, खरी किती आणि मागाहून रचलेली किती देव जाणे, पण मला फार आवडते. जेवण गरम राहावं म्हणून दुहेरी बुडाचं एक भांडं असायचं, खालच्या कप्प्यात गरम पाणी भरायचं, आणि ही बाई त्या कप्प्यातून चिठ्ठ्या न्यायची. एका पहारेकऱ्याला संशय आला, पुढच्या वेळी भांडं बघतोच असं तो कोणालातरी म्हणाला ते हिनं ऐकलं, पुढच्या वेळी खालच्या कप्प्यात उकळतं पाणी भरून भांडं शालीत गुंडाळून नेलं, त्यानं मागितलं, हिनं शाल काढून घेतली आणि भांडं त्याच्या हातात दिलं. पुढचं सांगायला नको.

आता यात नजर कुठे आली आणि घायाळ कोण झालं? भाजलं एकाला तेवढंच.

पण खरं काम भांड्याबिंड्याच्या पलीकडे होतं. रिचमंडमध्ये युनियनच्या, म्हणजे उत्तरेच्या बाजूची जी माणसं होती त्यांचं तिनं जाळं उभं केलं होतं, त्यात दुकानदार होते, शेतकरी होते, चक्क रेल्वेचा सुपरिंटेंडंट होता, आणि तिच्या घरचे कृष्णवर्णीय नोकर होते, जे गावाबाहेरच्या त्यांच्या शेतावर जाण्यायेण्याच्या निमित्तानं निरोप न्यायचे, कधी बुटाच्या तळात, कधी आतून रिकाम्या केलेल्या अंड्यात. फेब्रुवारी १८६४ मध्ये लिबी प्रिझनमधून १०९ ऑफिसर भुयार खणून पळाले, त्यातले ५९ सुखरूप उत्तरेच्या फौजेपर्यंत पोचले, आणि मधल्या काळात काहीजणांना गावातल्या याच लोकांनी लपवलं. त्याच वर्षी मार्चमध्ये रिचमंडवरच्या फसलेल्या हल्ल्यात कर्नल डालग्रेन नावाचा उत्तरेचा तरुण ऑफिसर मारला गेला, त्याच्या प्रेताची विटंबना झाली आणि गुपचूप कुठेतरी पुरलं. या मंडळींनी ती जागा शोधून काढली, रात्री प्रेत उकरलं, शवपेटीत घालून घोडागाडीत ठेवलं, आणि वरून पीचची रोपं रचली, जणू कोणी शेतकरी लागवडीला रोपं घेऊन चाललाय. गाडी नाक्यावरून गेली, पहारेकऱ्यांनी रोपं बघितली आणि सोडून दिलं. हे सगळं राजधानीच्या नाकाखाली.

आणि तिची सांकेतिक लिपी म्हणजे एक छोटा कागद, सहा बाय सहाची चौकट, इंग्रजीची २६ अक्षरं आणि १० आकडे मिळून बरोबर ३६ घरं, कडेला आकडे, आडव्या ओळीचा एक आणि उभ्या ओळीचा एक असे दोन आकडे लिहिले की एक अक्षर. एवढंच. सोपं वाटतं पण घरांमधली अक्षरं सरळ क्रमानं नसून विस्कटलेली, त्यामुळे कागद हातात नसेल तर डोकं खाजवत बसा. तो कागद ती घड्याळाच्या पाठीमागच्या झाकणात ठेवायची. १९०० साली ती गेली तेव्हाही तो तिथेच सापडला. युद्ध संपून पस्तीस वर्षं झाली होती हो. कशाला ठेवला असेल?

ती वेडाचं सोंग घेऊन रस्त्यानं पुटपुटत हिंडायची, 'क्रेझी बेट', असं सगळीकडे छापलेलं असतं, पण तिच्या कागदपत्रांवर ज्यांनी नीट काम केलंय ते सांगतात की युद्धकाळात असं काही केल्याचा पुरावा नाही. उलट ती मोठ्या घरची, धर्मशील, दयाळू बाई म्हणूनच वावरत होती आणि म्हणूनच अधिकारी तिला दारात उभं करत होते. वेडी हे नाव मागाहून चिकटलं. एकटी राहणारी, पैसा होता तो सगळा या कामात घालवलेली, वर पोस्टात कृष्णवर्णीय माणसं कामाला घेतली, वर दरवर्षी टॅक्स भरताना लेखी निषेध नोंदवायची की मला मताचा हक्क नाही तर टॅक्स कसला मागता. अशा बाईला गाव दुसरं काय म्हणणार?

आता तुमच्या लेखाची हिरॉइन, रोझ ग्रीनहाउ. तिच्याबद्दल जे लिहिलंय ते बरंचसं बरोबर आहे, वॉशिंग्टनच्या बड्या वर्तुळातली विधवा, सिनेटरांची घरी उठबस, दक्षिणेची कट्टर समर्थक. जुलै १८६१ मध्ये उत्तरेची फौज व्हर्जिनियातल्या मनॅससकडे निघणार ही खबर तिनं पाठवली आणि ती कशी गेली तर बेटी डुव्हाल नावाच्या मुलीनं शेतकरणीसारखे कपडे घातले आणि अंबाड्यात काळ्या रेशमाची छोटी पुरचुंडी खोवून पहारा ओलांडला. पलीकडे दक्षिणेच्या जनरलसमोर तिनं अंबाडा सोडला आणि खबर काढून दिली. छान प्रसंग आहे, मान्य. पण एक गोष्ट तुम्ही पेपरवाले म्हणून तरी लिहायला हवी होती, त्या काळात उत्तरेचे पेपर फौजांच्या हालचाली बिनदिक्कत छापायचे आणि दक्षिणेचे सेनापती ते पेपर मिळवून वाचायचे. म्हणजे अर्धी हेरगिरी संपादकांनीच फुकटात केली होती!

ग्रीनहाउच्या मागे लागला होता ॲलन पिंकरटन, डिटेक्टिव्ह कंपनीवाला. पावसात हा गडी बूट काढून आपल्या माणसांच्या खांद्यावर उभा राहून तिच्या खिडकीतून आत बघत होता, आणि मग आतून निघालेल्या माणसाच्या मागे अनवाणी, चिखलानं माखलेला धावत गेला तर लष्करी पहाऱ्यानं याच्याच मुसक्या बांधल्या. लेखात 'चाणाक्ष पिंकरटन' असं आलंय म्हणून सांगितलं. ऑगस्टमध्ये त्यानं तिला अटक केली तेव्हा घरात गुपचूप दबा धरून बसायचा त्याचा प्लॅन होता, की येणारा एकेक साथीदार पकडू, पण तिची आठ वर्षांची मुलगी झाडावर चढली आणि ओरडायला लागली, आईला अटक झालीय! पुढे मायलेकींना जिथे कैदेत ठेवलं त्या ओल्ड कॅपिटल प्रिझनच्या जागेवर आज अमेरिकेचं सुप्रीम कोर्ट उभं आहे. १८६४ मध्ये युरोपातून परत येताना नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्याजवळ तिचं जहाज रुतलं, ही होडीत उतरली, होडी उलटली आणि अंगावरच्या सोन्याच्या नाण्यांच्या वजनानं ती बुडाली. लष्करी इतमामात दफन झालं. ती शूर होती यात वाद नाही, पण ती लढत होती ती गुलामगिरी टिकवणाऱ्या बाजूनं, आणि तुमच्या अख्ख्या पानात गुलामगिरी हा शब्द फक्त एकदा आलाय, मी मोजला.

आणि जिनं गुलामगिरी अंगावर भोगली तिला तुम्ही दीड कॉलम इंच दिलंय. हॅरिएट टबमन. मेरीलँडमध्ये गुलाम म्हणून जन्मली, १८४९ मध्ये पळाली, पुन्हा पुन्हा मागे जाऊन माणसं सोडवून आणली हे सगळ्यांना माहीत असतं. युद्धात ती साउथ कॅरोलायनात गेली आणि तिथल्या नद्या, खाड्या माहीत असलेल्या कृष्णवर्णीय माणसांची टेहळणी टीम तिनं चालवली. २ जून १८६३ च्या पहाटे कॉम्बाही नदीतून उत्तरेच्या कर्नल माँटगोमेरीच्या बोटी गेल्या तेव्हा पाण्यात सुरुंग कुठे पेरलेत याची माहिती तिच्या माणसांनी तिथल्याच गुलामांकडून काढलेली होती. भाताची शेतं, गोदामं जाळली आणि सातशेच्या वर माणसं बोटीत भरून आणली. बाया धावत येत होत्या, कोणाच्या डोक्यावर चुलीवरून तशीच उचललेली वाफाळत्या भाताची हंडी, कोणाच्या कडेवर, पाठीवर पोरं, पिशव्यांत ओरडणारी डुकरं. एका बाईनं एक पांढरं आणि एक काळं डुक्कर आणलं, तर यांनी पांढऱ्याचं नाव ठेवलं बोरेगार्ड, दक्षिणेचा जनरल, आणि काळ्याचं जेफ डेव्हिस, दक्षिणेचा राष्ट्राध्यक्ष.

त्याच महिन्यात तिनं एक पत्र लिहून घेतलं, स्वतःला लिहितावाचता येत नव्हतं. त्यात म्हणते की एका आजारी बाईची दोन डुकरं मी उचलली होती, तिच्याकडे पोर होतं, तेवढ्यात पळा असा हुकूम झाला, मी धावले, लांब झग्यावर पाय पडला, पडले आणि झगा फाटून चिंध्या झाल्या, तेव्हाच ठरवलं की पुन्हा मोहिमेवर लांब झगा घालायचा नाही, तर मला जाड्याभरड्या, टिकाऊ कापडाचा विजारीसारखा ड्रेस पाठवा. तुमच्या लेखात झग्याच्या घेरात औषधं आणि चिठ्ठ्या लपवण्यावर केवढं रंगवून लिहिलंय. हा फाटलेला झगा पण लिहायचा ना.

आता पेन्शन. आयुष्यभर लोकांचे कागद बघितलेत त्यामुळे माझं लक्ष तिकडेच जातं. टबमननं युद्धातल्या कामाचे १,८०० डॉलर मागितले होते. वर्षानुवर्षं अर्ज, शिफारशी, सगळं. १८९५ मध्ये महिना ८ डॉलर मंजूर झाले, पण कशाचे, तर नवरा सैनिक होता तो वारला म्हणून, म्हणजे आपल्या भाषेत फॅमिली पेन्शन. १८९९ मध्ये काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनं, खास कायदा करून ते २० केले, वरचे १२ कशाचे तर नर्स म्हणून काम केल्याचे. हेर, टेहळणी, कॉम्बाही, यातल्या कशाचा एक सेंट नाही. नर्सिंग तिनं केलंच होतं, आणि त्यात कमीपणा आहे असं मी म्हणतच नाही, पण हेर बाई हे कुठल्या रकान्यात टाकायचं हेच सरकारला माहीत नव्हतं. १९१३ मध्ये ती गेली. आणि २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मेरीलँडनं तिला मरणोत्तर ब्रिगेडियर जनरलची रँक दिली. एकशे अकरा वर्षांनी फाइल हलली म्हणायची, आमच्या खात्याला उगाच नावं ठेवतात.

सरकारला रकाना नव्हता म्हणावं तर शिक्षेचा रकाना मात्र होता बरं का. एप्रिल १८६३ मध्ये उत्तरेच्या सैन्यासाठी युद्धाचे नियम निघाले, लीबर कोड म्हणतात त्याला, त्याच्या १०२ व्या कलमात स्पष्ट आहे की हेराच्या बाबतीत बाई-पुरुष असा फरक होणार नाही. कागदावर फाशी दोघांना. प्रत्यक्षात हेर म्हणून बाई फासावर गेली नाही, तुरुंग झाला, हद्दपारी झाली. पुरुष गेले. टिमोथी वेबस्टर, पिंकरटनचा माणूस, त्याला १८६२ मध्ये रिचमंडला फाशी दिली, पहिल्यांदा दोर निसटला म्हणून दुसऱ्यांदा चढवला. त्याची बायको म्हणून बरोबर राहणारी हॅटी लॉटन पण पिंकरटनचीच एजंट होती, ती तुरुंगात राहून सुटली. बायकांकडून असलं काही होणारच नाही ही जी समजूत होती ना, तिच्यावरच हे सगळं काम चालायचं, म्हाताऱ्या बाईचं, मोलकरणीचं, भाजीवाल्याचं. हो, भाजीवाल्याचं पण, फक्त बायकांचं असं नाही. सप्टेंबर १८६४ मध्ये उत्तरेच्या जनरल शेरीडनला व्हर्जिनियातल्या विंचेस्टर गावातली खबर हवी होती. टॉमस लॉज नावाच्या कृष्णवर्णीय माणसाकडे आठवड्यातून तीनदा गावात भाजी विकायचा परवाना होता. शेरीडननं पातळ कागदावर चिठ्ठी लिहिली, चांदीच्या वर्खासारख्या पत्र्यात गुंडाळून गोळी केली, ती यानं तोंडात धरली, पकडलं तर गिळायची. गावात रिबेका राइट म्हणून शाळेत शिकवणारी क्वेकर या ख्रिस्ती पंथातली तरुण बाई होती, तिच्याकडे ती पोचली. तिनं उलट निरोप दिला की शत्रूची एक डिव्हिजन आणि तोफा इथून हलल्यात. तीन दिवसांत लढाई, विंचेस्टर उत्तरेच्या हातात. युद्धानंतर शेरीडननं तिला सोन्याचं घड्याळ पाठवलं, गोष्ट बाहेर फुटली आणि गावानं वाळीत टाकलं, शेवटी गाव सोडून वॉशिंग्टनला अर्थखात्यात नोकरी करावी लागली. माझं मत असं की ते घड्याळ पाठवलं नसतं तर बरं झालं असतं.

दक्षिणेची दुसरी हेर बेल बॉइड, तिचं मी लिहीत नाही, तुमच्या लेखात अर्धं पान तीच आहे. तिनं १८६५ मध्येच आत्मचरित्र काढलं, स्टेजवर आली, गावोगाव फिरून स्वतःचे पराक्रम सांगितले आणि १९०० मध्ये अशाच एका दौऱ्यावर विस्कॉन्सिनमध्ये वारली. व्हॅन ल्यू त्याच वर्षी वारली, रिचमंडमध्येच. फरक एवढाच की व्हॅन ल्यूनं १८६६ मध्ये युद्धखात्याकडून आपले सगळे रिपोर्ट परत मागवले आणि बहुतेक नष्ट केले, कारण त्याच गावात राहायचं होतं आणि त्यात फक्त तिचं नाव नव्हतं, बाकीच्यांचीही होती. जिनं सांगितलं तिच्यावर अर्धं पान, जिनं कागद नष्ट करून बाकीच्यांना वाचवलं तिच्यावर एक ओळ, आणि तीही पोस्टाची आणि चुकीची.

शेवटी तक्रार म्हणाल तर एकच आहे. लेखाच्या तळाशी मेरी बाउजर म्हणून एका कृष्णवर्णीय बाईचा फोटो छापलाय. ती व्हॅन ल्यूंच्या घरचीच, जन्मानं त्यांच्याकडची गुलाम, पुढे उत्तरेत शिकवलेली, आफ्रिकेतल्या लायबेरियाला पाठवलेली, १८६० मध्ये परत आलेली. जेफरसन डेव्हिसच्या घरात मोलकरीण म्हणून राहून तिनं कागद वाचले, ते तिला फोटोसारखे पाठ व्हायचे, ही गोष्ट सगळीकडे छापतात, तिला पुष्टी देणारे त्या काळचे कागद फार थोडे आहेत. जे आहेत ते असे की ती मेरी रिचर्ड्स होती, १८६५ मध्ये न्यूयॉर्कला नाव बदलून तिनं भाषण दिलं, आणि १८६७ मध्ये जॉर्जियातल्या सेंट मेरीज गावात नुकत्याच मुक्त झालेल्या लोकांसाठी शाळा चालवत होती. आणि तो नेटवर फिरणारा फोटो तिचा नाहीच, त्याच नावाच्या दुसऱ्याच बाईचा आहे, तोही कितीतरी नंतर काढलेला, ही चूक दुरुस्त होऊनही बरीच वर्षं झाली. तेवढी दुरुस्ती छापा. आतल्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, निधनवार्तांच्या शेजारी छापलीत तरी चालेल, मी ते पान रोज वाचते.

आपली,
एक नियमित वाचक (निवृत्त टपाल कर्मचारी)